विदाताई माझ्यापुढे बोलल्या तेव्हा

मित्रांनो, मोरावा नदीकाठच्या आमच्या सर्बियन गावात एक छोटा टीव्ही स्टुडिओ आहे. तिथल्या टेबलावरचा जुना, करडा माईक म्हणजे मी. कारखान्यात माझ्या पोटात एक पातळ पडदा बसवला गेला. आवाजाने तो थरथरतो आणि त्या थरथरीची वीज होते. बोलणारा खरा की खोटा, हे त्याला कळत नाही. पूर्वी गायक मला हळुवार पुसत. पुढे कॉलरला लावायचे इवलेसे माईक आले आणि मी कपाटात धूळ खाऊ लागलो. एका हिवाळ्यात ते सगळे बिघडले, म्हणून मला बाहेर काढलं.

त्या दिवशी नगराध्यक्षा विदाताई माझ्यापुढे बसल्या. नळयोजनेच्या ठेकेदाराकडून त्यांनी पैसे खाल्ले, असा आरोप होता. त्यांना पदावरून काढायचं का, यावर दुसऱ्या दिवशी नगरसभेत मतदान होतं.

आधी त्यांच्या शेजारी बसलेले नगरसेवक ग्वोझ्देन बोलले. "अहो, मी डोळ्यांनी पाहिलं! यांच्या घरी कुलसंताचा सण होता, मी जेवायला होतो. पुढ्यात भाजलेलं डुक्कर, आणि टेबलाखालून पाकीट यांच्या हातात!"

विदाताईंनी लिहून आणलेलं भाषण बाजूला सारलं.

"ग्वोझ्देनभाऊ, डुक्कर कसं झालं होतं?"

"फर्मास! खोटं कशाला बोलू?"

"आमच्या घराण्याचा संत निकोला. सण डिसेंबरात, नाताळाआधीच्या उपासात येतो, तेव्हा मांस चालत नाही. त्या दिवशी माझ्याकडे फक्त मासे आणि राजमा. सासूबाई दुधाचा थेंबही घरात येऊ देत नाहीत. तुम्ही जेवलात तरी कुणाकडे?"

कॅमेऱ्यामागून कॅमेरामन त्रिफुन फिसकन हसला. "डुक्कर नदीतून पोहत आलं असेल!"

ग्वोझ्देनना ताईंच्या माहेरचा सण माहीत होता, मे महिन्यातला, मांसाच्या जेवणाचा. लग्नानंतर बाई सासरचा संत पुजते, हे ते आरोपाच्या घाईत विसरले होते. चिडून त्यांनी माझ्यावर पंजा ठेवला. "बंद करा हे!"

विदाताईंनी तो हात शांतपणे उचलला.

"सणाला आमच्याकडे कुणालाच बोलावणं नसतं, भाऊ, दार सगळ्यांना उघडं असतं. एकदा तरी आला असतात, तर खोटं नीट सांगता आलं असतं!"

दुसऱ्या दिवशी ग्वोझ्देन नगरसभेत फिरकलेच नाहीत. बाकीचे सगळे हात ताईंच्या बाजूने वर गेले आणि चौकात आनंदाने गाड्यांचे भोंगे वाजत राहिले.

मित्रांनो, माझी जाळी पुसा, तारा जपा. आणि कुणावर आरोप झाला, तर मला त्याच्याही पुढे ठेवा. त्याचं बोलून होईपर्यंत माझ्यावर कुणाला हात ठेवू देऊ नका.