बांधावर काढलेला जोड

मी चपलांचा एक जुना जोड आहे. जुना खरा, पण माझे तळवे अजून नव्यासारखे आहेत. मित्रांनो, तेच माझं दुःख आहे.

कारखान्यात निळ्या रबरातून मला कापलं आणि गाणगापूरच्या एका दुकानात मी सुतळीला लटकत राहिलो. तिथून नागेंद्रने मला बायकोसाठी, दीपमालेसाठी नेलं. ती पांढरीफटक पडली होती, चार पावलांत धापा टाकायची. आरोग्य केंद्रातल्या नेत्रावती सिस्टरांनी चपला घ्यायला बजावलं होतं.

पुढच्या खेपेला दाराबाहेरून मी सारं ऐकलं.

"पुन्हा जंतच दिसायलेत," सिस्टर म्हणाल्या. "तपासायची सोय हितं न्हाई, म्हणून संशयावरच गोळी देते. माझ्यासमोर चावून खा. अन् चप्पल घेतलीस ते लई बरं केलीस. ते किडे शौचाच्या घाणीतून मातीत येतात, तिथून पायातच शिरतात अन् आत रक्त पितात."

माझं कौतुक झालं आणि मी शरमेने अर्धा झालो. कारण दीपमाला मला रोज बांधावर काढून ठेवायची आणि अनवाणी शेतात शिरायची. त्याच बांधाआड निम्मं गाव शौचाला बसतं.

"अगं, घाल की! कामून काढायलीस?" नागेंद्र एकदा म्हणाला.

"भूमी लक्ष्मी हाय. लक्ष्मीवर चप्पल घालून जाऊ व्हय?"

नागेंद्र तिच्यामागे शेतात उतरला. त्याच्याही चपला माझ्याशेजारीच होत्या.

गोळीने दोन महिने तिच्या चेहऱ्यावर तजेला यायचा, मग पुन्हा ओठ फिके. सिस्टरांनी एकदा जरी मला उलटं करून पाहिलं असतं! शेतातल्या काळ्या मातीचा कणही माझ्या तळव्याला नव्हता. पण मला कुठली वाचा?

मग तिला दिवस गेले. बाळंतपणात रक्त गेलं ते फार नव्हतं म्हणे, पण तिच्या अंगात तेवढंही नव्हतं. मुलगी वाचली. दवाखान्याच्या दाराशी मी तिच्या पावलांची वाट पाहत होतो. संध्याकाळी नागेंद्रने मला पिशवीत घातलं, तेव्हा समजलो.

आता मी कोनाड्यात असतो. सासूबाई शिवम्मा मला पदराने पुसतात. नात अक्कम्मा सात वर्षांची झाली. शाळेत तिलाही जंताची गोळी मिळते.

काल शेतावर निघताना आजी तिला म्हणाली, "आईची चप्पल हाय, पाया पड."

पोरीने माझ्यावर डोकं टेकवलं. इतक्या जवळून मला तिचे ओठ दिसले. दीपमालेसारखेच फिके. मग ती अनवाणीच आजीमागे निघून गेली.

मित्रांनो, मला नमस्कार नको. मी तिच्या पायाला मोठा होईन, पण तिच्या मापाचा जोड गाणगापूरच्या दुकानात लटकत असेल. तेवढा तिला आणून द्या. आणि बांधावर काढू देऊ नका.