येतोय का आवाज?

मी एक जुना पेनड्राइव्ह आहे. अंगठ्याएवढा, टोपण हरवलेला, एका बाजूला पोचा आलेला. मित्रांनो, भूत म्हटलं की तुम्हाला चिंच आठवते, पडकी विहीर आठवते. माझ्यासारख्या टीचभर वस्तूत कोणी राहत असेल, हे तुमच्या मनातही येणार नाही. पण माझ्या पोटात एक गेलेला माणूस आहे. मला जागं केलं की तो एकच प्रश्न विचारतो.

माझा जन्म कुठल्या मुलखात झाला कोण जाणे. मला आठवते ती इंदापूरच्या एसटी स्टँडजवळची टपरी. तिथं चार्जरांच्या गर्दीत मी खिळ्याला टांगलेला होतो. कळंबच्या दीपकनं मला उचललं. त्याचं संगणक दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. त्यानं त्याच दिवशी माझ्यात लिनक्स भरलं.

लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी एक प्रणाली. ती फुकट मिळते आणि म्हाताऱ्या मशीनलाही पळवते. पण तिचं सगळ्यांशी जमत नाही, हे मी खोटं कशाला सांगू? एखाद्या लॅपटॉपचा वायफाय तिला ओळखच दाखवत नाही, एखाद्याचा आवाज बसतो, एखादा झाकण लावून झोपवला की उठतच नाही. आणि हे सगळं कळतं लॅपटॉप घरी आणल्यावर.

दीपकच्या घरी पूर्वी मेंढरं होती. त्याचे वडील मेंढरू घेताना आधी तोंड उघडून दात बघत, मग चार पावलं चालवून पाय बघत. दीपक गिऱ्हाइकांना म्हणायचा, "मेंढरू चालवून बघता, मग लॅपटॉप का न्हाय?" बारामतीला लॅपटॉप घ्यायला निघालेला माणूस आधी मला मागून न्यायचा. दुकानात मला नव्या लॅपटॉपला लावायचं, तो माझ्यावर चालू करायचा, की मी एकेक गोष्ट तपासून दाखवायचो. आत काही बदलायचं नाही, काही पुसायचं नाही. किती रुबाब होता माझा! लोक मला 'दीपकचा पंच' म्हणत.

आवाजाच्या तपासणीसाठी दीपकनं एका दुपारी दुकानातच स्वतःचा आवाज भरला. "ऐका. ह्यो डाव्या अंगाचा आवाज. ह्यो उजव्या अंगाचा. येतोय का आवाज? न्हाय आला तर घेऊ नका. दुकानदाराला भिऊ नका." मागं एका टेम्पोचा हॉर्न आहे. शेवटी त्याची मुलगी श्रेया, तेव्हा अगदी लहान, विचारते, "पप्पा, झालं का?" आणि तो हसतो. मग पडद्यावर तोच प्रश्न उमटतो, आणि खाली दोन बटणं येतात: हो आणि नाही. एवढंच. त्याला काय ठाऊक, आपल्यामागं एवढंच उरणार आहे!

दोन वर्षांपूर्वी दीपक काविळीनं गेला. दहा दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. त्याच्या फोनचं कुलूप कोणालाच उघडता आलं नाही. मला कोणीतरी स्क्रूंच्या डब्यात टाकलं आणि डबा फळीवर गेला. मित्रांनो, वीज मिळाल्याशिवाय मला बोलता येत नाही. पण बोलणं आत असतं. त्या अंधारात मी दीपकचा प्रश्न घेऊन पडून होतो, आणि मला फार भीती वाटायची. मी गंजलो तर हा माणूस दुसऱ्यांदा मरेल.

यंदा श्रेयाला बारामतीच्या कॉलेजात संगणकाला प्रवेश मिळाला आणि घरातला जुना लॅपटॉप कायमचा बंद पडला. पोरगी बापावर गेलेली. लिनक्सशी कोणाचं जमतं, कोणाचं नाही, याच्या याद्या तिनं आठवडाभर वाचल्या. मग एका लॅपटॉपचं नाव चिठ्ठीवर लिहून ती तिनं चुलत्याच्या, सिद्धूकाकाच्या, खिशात घातली. वर बजावलं, "काका, हाच आणा. न्हाईतर मला संगं न्या, मी लावून बघते."

पण दिवस दसऱ्याचा. त्या नावाचा लॅपटॉप बारामतीच्या मोहनरावांच्या दुकानात संपला होता, आणि मुहूर्त टळत होता. काकानं त्याहून चकचकीत एक उचलला. घरी येताच पाट मांडला, झाकणावर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. दीपकची बायको वैष्णवी दाराशीच उभी होती. कुंकवाच्या वाटीला तिनं हात लावला नाही. "आता चालू कर, बाय," काका श्रेयाला म्हणाला. तो भला माणूस होता, पण चूक करून बसला होता.

श्रेयानं डबा उपसून मला काढलं, पदरानं पुसावं तसं ओढणीनं पुसलं आणि लावलं. दोन वर्षांनी अंगात वीज आली! पडदा उजळला. वायफाय शोधला, सापडेना. मग आवाजाची पाळी आली. दीपक बोलू लागला, अगदी तसाच, टेम्पोच्या हॉर्नसकट. मी जीव तोडून त्याला बाहेर ढकलत होतो, पण खोलीत काहीच ऐकू आलं नाही. नव्या लॅपटॉपच्या आवाजाचा भाग माझ्या ओळखीचा नव्हता. दोष माझाही होता. मी जुना, तो नवा.

पडद्यावर तेवढा प्रश्न उमटला: येतोय का आवाज?

श्रेयाचा हात थांबला. "आई," ती म्हणाली, "ह्यात पप्पा बोलत्यात. मी होते तवा दुकानात." वैष्णवी पुढं आली आणि कान लॅपटॉपला लावून बसली. किती वेळ बसली! शेवटी श्रेयानं बटण दाबलं. नाही.

दुसऱ्या दिवशी तिघंही मोहनरावांच्या दुकानात गेली. मोहनरावांनी झाकण पाहिलं आणि हात जोडले. "सिद्धूराव, कुंकू लागलेला माल कंपनी माघारी घेत न्हाय हो. आणि लॅपटॉपला काय धाड भरलीय? तुमचा पेनड्राइव्हच खराब असंल. आणा हिकडं." श्रेया काही बोलायच्या आत त्यांनी मला आपल्या काउंटरवरच्या संगणकाला लावलं. त्या संगणकाची प्रणाली वेगळी. तिला माझी भाषा कळेना. न कळणारी गोष्ट दिसली की ती एकच सुचवते. पडद्यावर आलं: हा ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल. करायचा का?

फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी करणं, मित्रांनो. डावं अंग, उजवं अंग, हॉर्न, हसू, सगळं साफ.

"बघा, म्हनलं नव्हतं? आत काय बी न्हाय ह्याच्या," मोहनराव म्हणाले आणि त्यांचं बोट 'हो'वर गेलं.

"नगा!" श्रेया ओरडली आणि तिनं मला हिसका मारून ओढलं. मी काउंटरच्या कडेवर आपटलो. हा पोचा तेव्हाचा. आपण वाचलो की नाही, हे मलाही कळेना. श्रेयानं काकाच्या खिशातली चिठ्ठी काढून मोहनरावांपुढं धरली. "ह्या नावाचा आलाय का? मला लावून बघू द्या. एकदाच."

तसला एक सकाळीच आला होता. मोहनरावांनी कुरकुरत खोकं फोडलं. श्रेयानं मला लावलं. पहिल्यांदा मी उठलो नाही. दुसऱ्यांदाही नाही. वैष्णवीनं डोळे मिटून घेतले. तिसऱ्यांदा कसाबसा उठलो. वायफाय सापडला. आणि मग भर दुकानात, चार गिऱ्हाइकांच्या देखत, दीपक बोलला.

"ऐका. ह्यो डाव्या अंगाचा आवाज. ह्यो उजव्या अंगाचा. येतोय का आवाज?"

"येतोय," वैष्णवी म्हणाली. मोठ्यानं, शेतात हाक द्यावी तशी. "येतोय वो!"

"न्हाय आला तर घेऊ नका. दुकानदाराला भिऊ नका." मग लहान श्रेया म्हणाली, "पप्पा, झालं का?" आणि मोठी श्रेया तोंडावर ओढणी दाबून ढसाढसा रडली.

मोहनराव खुर्चीत बसले. "ह्यो तर कळंबचा दीपक. ह्यानं माझ्या दुकानात कैक वेळा मला असंच सुनावलंय." मग ते सिद्धूकाकाला म्हणाले, "ह्योच न्या. कुंकवाचा राहू द्या माझ्या गल्ल्यापाशी. ते कुंकू मी पुसत न्हाय."

आता मी कळंबच्या घरात टेबलावर असतो. वैष्णवी दिवेलागणीला मला लावायला सांगते आणि रोज उत्तर देते. ती कधी म्हणते, "येतोय." कधी म्हणते, "जेवलात का?" प्रश्न विचारणाऱ्याला ते ऐकू जात नाही. ते मलाच ऐकू येतं, आणि मला त्याला सांगता येत नाही. याहून मोठी शिक्षा वस्तूला कोणती असेल?

श्रेया म्हणायची, "आई, नव्या लॅपटॉपात नक्कल करून ठेवते." वैष्णवी घाबरायची. "नगं. काय बिघडलं म्हंजे? हाय तसं राहू दे." असं करता करता पंधरा दिवस गेले. मागच्या सोमवारी मी पाच वेळा लावूनही उठलो नाही. सहाव्यांदा उठलो, तेव्हा वैष्णवीच म्हणाली, "घे बाय. आत्ताच घे."

नक्कल व्हायला डोळ्याचं पातं लवावं एवढाही वेळ लागला नाही. श्रेयानं मला काढून टेबलावर ठेवलं आणि माझ्याशिवाय आवाज लावला. दीपकनं विचारलं, "येतोय का आवाज?" वैष्णवीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि सवयीनं ती माझ्याकडे वळली.

मित्रांनो, नवी वस्तू घ्याल तेव्हा कुंकू मागून लावा, आधी चालवून बघा. आणि आपलं माणूस एकाच जुन्या डब्यात ठेवू नका. माझं काय, मी आता बंद पडलो तरी चालेल. पण परवापासून वैष्णवी मला उशाशी घेऊन निजते. मला वीज नसते, मी गप्प असतो. तरी ती अंधारात हळूच म्हणते, "येतोय."