पंख्याच्या वाऱ्यावर मोजलेली नदी

मित्रांनो, मी एक जुना प्रवाहमापक आहे. नदीचं पाणी किती वेगानं वाहतं, ते मी सांगतो. माझ्या चाकाला सहा पितळी वाट्या आहेत. पाण्यात धरलं की चाक फिरतं आणि दर फेरीला हेडफोनमध्ये 'टक्' वाजतं. ते टक् मोजून नदीवर छोटं वीजघर चालेल का, हे ठरवतात.

मुलुंडच्या एका खाजगी ऑफिसात दशरथ मला सांभाळायचा. गिरणी संपात काम सुटल्यावर त्याला ही नोकरी मिळाली होती. कमरेइतक्या पाण्यात तो मला तासन्‌तास धरून उभा राही. "हा कधी खोटं बोलत नाय," असं तो कौतुकानं सांगे.

१९८५च्या मे महिन्यात आम्ही कोकणातल्या एका नदीवर गेलो. दगडांमधून पाणी नुसतं झिरपत होतं. माझ्या वाट्या हलल्या नाहीत. दशरथनं वहीत शून्य लिहिलं.

"शून्य?" ऑफिसात परतल्यावर वही पाहून आमचे चंद्रप्रकाश साहेब हसले. "शून्यावर वीजघर कोण मंजूर करणार रे?"

"साहेब, पाणीच नाय, तर हा फिरणार कसा?"

"फिरत नाही? बेनेडिक्ट, पंखा लाव!"

नकाशे काढणाऱ्या बेनेडिक्टनं टेबलपंखा लावला. साहेबांनी मला त्यासमोर धरलं. मी गरगर फिरलो. सगळे खदखदून हसले. साहेबांनी हेडफोन दशरथच्या डोक्यावर चढवला.

"मोज. मोठ्यानं."

"साहेब, खालची वाडी तेच पाणी पिते. सगळं वीजघराच्या पाटात वळवलं तर..."

"मोज. नाहीतर जा परत गिरणीच्या गेटवर."

"एक... दोन... तीन..."

"दशरथ, पूर आला ना यार!" बेनेडिक्ट ओरडला.

दशरथनं एक्याऐंशीपर्यंत मोजलं. शून्याच्या जागी तो आकडा वहीत गेला. खाली त्याची सही.

तीन वर्षांनी वीजघर उभं राहिलं. उन्हाळ्यात नदीचं होतं नव्हतं तेवढं पाणी पाटात वळवलं, तरी यंत्र चाललं नाही. वाडीच्या विहिरी मात्र आटल्या. चौकशी आली, तेव्हा साहेबांनी शांतपणे वही पुढे सरकवली.

"सही कुणाची आहे?" साहेबांनी विचारलं.

"माझी," दशरथ म्हणाला. त्याच दुपारी त्याची नोकरी गेली.

मुलांनो, आता मी कपाटात धूळ खात पडलो आहे. तुम्ही यंत्रं पुसा, त्यांना तेल द्या. पण यंत्रानं शून्य सांगितलं तर शून्यच लिहा. माझ्या वाट्यांना वारा आणि पाणी यांतला फरक कळत नाही. त्या दिवशी ऑफिसात हसणाऱ्या प्रत्येकाला तो कळत होता.