वरची रेघ

बारक्याने टेबलाखाली डोकं घालून दिव्याचा प्लग उपटला आणि तसाच वाकून विचारलं,

"आता?"

"आहे," वरून ताई म्हणाली.

त्याने प्रिंटरची वायर काढली. मग फोनचा चार्जर काढला. भिंतीतल्या बोर्डावर आता फक्त कॉम्प्युटरची वायर उरली होती.

"आता?"

"आहे रे. तशीच आहे."

बारक्या टेबलाची कड धरून कण्हत उभा राहिला. हे नाव त्याला पडलं तेव्हा तो खरोखरच काडी पहिलवान होता. आता साठी जवळ आली होती, पोट शर्टाच्या बटणांशी रोज भांडत होतं, पण घरच्यांनी नाव काही बदललं नव्हतं. ताई त्याच्यापेक्षा मोठी, त्यामुळे तिच्या तोंडी तर ते मरेपर्यंत राहणार होतं. ती कानांवर हेडफोन चढवून, डोळे मिटून बसली होती. शाळेत मुलांची उत्तरं ऐकताना ती अशीच बसायची म्हणे.

खोलीची त्या दोघांनी सकाळपासून पार दशा करून टाकली होती. कपाटाची दारं सताड उघडी, त्यांवर रजया लटकवलेल्या, त्यांच्या मधोमध माइक. माइकची वायर एका छोट्या साउंड कार्डात जात होती आणि तिथून कॉम्प्युटरमध्ये. भाऊजींना पंखा लावायची बंदी होती, टीव्ही लावायची बंदी होती, आणि फ्रीजसुद्धा बंद केल्यामुळे ते दूध नासेल या काळजीत स्वयंपाकघरात पावलं न वाजवता फेऱ्या मारत होते.

सकाळची कामं बारक्याने झोकात केली होती. सुरुवातीला ताईचा आवाज जाडाभरडा, एखाद्या पहिलवानाला दुपारच्या झोपेतून उठवल्यासारखा यायला लागला, तेव्हा दोघं पोट धरून हसले. साउंड कार्ड एका वेगाने आवाज घेत होतं आणि कॉम्प्युटर दुसऱ्याच वेगाने वाजवत होता. दोन्ही आकडे जुळवले आणि ताईची पुन्हा ताई झाली. मग मध्येमध्ये तडतड यायला लागली. ती बारक्याने स्वतःच्या कानांनी ऐकली आणि त्याला इतका आनंद झाला की तो उगाचच दोनदा म्हणाला, "ही बघ, ही बघ तडतड." कॉम्प्युटरला श्वास घ्यायला जरा जास्त वेळ दिला, मागे चाललेल्या चार भानगडी बंद केल्या, तडतड थांबली. त्यापायी ताईला स्वतःचंच बोलणं कानात उशिरा ऐकू यायला लागलं आणि ती वाचताना अडखळायला लागली. मग त्याने साउंड कार्डाचं बटण फिरवून आवाज कॉम्प्युटरमधून न फिरवता थेट तिच्या कानात सोडला. इथवर सगळं छान होतं.

आणि मग ताई म्हणाली होती, "पण ती शिट्टी आहेच की."

त्या शिट्टीपायीच हा सगळा खटाटोप होता. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ताई घरातच होती. अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारी एक संस्था आहे असं कळल्यावर तिने जुन्या कॉम्प्युटरवर नमुना वाचून पाठवला. वाचन उत्तम, पण मागे बारीक शिट्टी ऐकू येते, म्हणून तो परत आला. तिने दुसरा पाठवला, तोही परत आला. तिसरा नमुना आज संध्याकाळपर्यंत घेऊ, मग यादी बंद, असं त्यांनी कळवलं होतं.

"चाळीस पोरांच्या वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचायचा आवाज," ती सकाळी म्हणाली होती. "आता त्याला दिवसभरात काय काम? 'जेवायला चला' आणि 'दार लावून घ्या.' हेही गेलं ना, बारक्या, तर मी मुकीच होणार बघ."

ती हसत म्हणाली होती, पण बारक्याला ते हसणं ओळखता येत होतं.

"आण इकडे," त्याने आता हेडफोन मागून घेतला आणि कानांवर चढवला.

आत स्वच्छ शांतता होती. रजयांच्या आत असते तशी, मऊ. बारक्याने भुवया आवळल्या, मान किंचित तिरकी केली. ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा कसा दिसतो ते त्याला ठाऊक होतं. स्टुडिओत जन्म गेला होता. त्याने तो चेहरा थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

स्टुडिओतही शेवटी शेवटी तो हेच करत होता. एका जाहिरातीच्या गाण्यात अशीच शिट्टी राहून गेली आणि गाणं बाहेर पडलं. मालक वयाने लहान, भला माणूस. "होतं असं, दादा," एवढंच म्हणाला. पण पुढच्या आठवड्यापासून शेवटचं ऐकायला दुसरा एकजण येऊन बसायला लागला, "तुमचा भार हलका व्हावा म्हणून." भार हलका झाल्यावर बारक्याने स्वतःच काम सोडलं. घरी सांगितलं, हल्ली कामंच येत नाहीत. डॉक्टरकडे तो गेला नाही. बायकांचे, पोरांचे आवाज कडा घासल्यासारखे येतात, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. त्याची भीती वाटायची. नुसती कानांची नाही; कानांवाचून आपण कोण उरतो, त्याची.

"मला तर काही नाही वाटत," हेडफोन काढत तो म्हणाला.

"असं कसं? एवढी स्पष्ट आहे."

"अगं, तुझेच कान वाजत असतील. रक्तदाब तपासला होतास का?"

ताईचा चेहरा पडला. तिने कानाच्या पाळीला हात लावला. क्षणभर तिला ते खरंच वाटलं असावं, आणि बारक्याला स्वतःची लाज वाटली. पण बोललेलं परत घ्यायला तो तयार नव्हता.

"अहो," तिने हाक मारली, "जरा इकडे या बरं."

भाऊजी आले. हा माणूस गजराच्या घड्याळाला दाद देत नसे, आणि समोर ढोल वाजला तरी पेपर खाली ठेवत नसे. त्यांनी हेडफोन उलटा घातला, ताईने तो सुलटा केला.

"काय ऐकायचंय?"

"काही येतंय का ते सांगा."

"हो. डास असतो ना, तसं. बारीक. सारखंच चाललंय." त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "फ्रीजचं नाही हं ते. फ्रीज बंद आहे."

ते परत गेले. बारक्या माइकच्या वायरचं वेटोळं उगाचच सोडून पुन्हा घालत राहिला.  ताई त्याच्या हातांकडे बघत होती.

"असेल," तो शेवटी म्हणाला. "एवढी बारीक असेल तर कानाने नाहीच शोधायची. डोळ्याने शोधायची."

त्याने तिला कपाटापुढे बसवलं, आणि तिने नमुन्याचा उतारा पुन्हा वाचला. समुद्रकाठी सामान उतरवून घेणाऱ्या एका बाईचं वर्णन होतं. ताई वाचायला लागली की खोली बदलायची. ती बाई, ती पेटी, तिचा ओला पदर, सगळं त्या रजयांमधून चालत यायचं. हे बारक्याला अजून ऐकू येत होतं. तेवढं तरी येत होतं.

वाचन झाल्यावर त्याने ते रंगांच्या चित्रात उघडलं. हे चित्र आवाज जसा आहे तसा दाखवतं: जाड आवाज खाली, बारीक आवाज वर. खाली ताईच्या शब्दांचे नारिंगी ढग होते, मध्ये काळोख. आणि अगदी वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पट्टीने ओढल्यासारखी एक पिवळी रेघ.

बारक्या तिच्याकडे बघत बसला. एवढी ठसठशीत होती. भाऊजींना ऐकू आली होती.

"सापडली का?" ताईने मागून विचारलं.

"सापडली. हा कॉम्प्युटरच आतून शिट्टी घालतोय. जुना झालाय. आता आज काही नवा आणता येत नाही, तेव्हा कापून काढू."

त्याने फिल्टर उघडला आणि त्या रेघेच्या जागी खड्डा पाडला. किती रुंद पाडावा हे कळेना, म्हणून खात्रीसाठी रुंदच पाडला. हेडफोन ताईकडे दिला आणि वाचन पहिल्यापासून लावलं.

"आता?"

ताई ऐकत होती. या वेळी तिने डोळे मिटले नाहीत. ती त्याच्याकडे बघत होती, आणि बारक्याच्या लक्षात आलं की आपण श्वास रोखून, निकालाच्या दिवशी पोरगं उभं राहतं तसे उभे आहोत.

"गेली," ती म्हणाली.

"गेली? नक्की?"

"अगदी गेली. शाब्बास रे! मला माहीतच होतं, तुझ्याशिवाय हे कुणाला जमायचं नाही."

बारक्या मटकन खुर्चीत बसला. त्याला एकदम हलकं वाटलं, भूकसुद्धा लागली. "सेटिंगचा खेळ असतो सगळा," तो म्हणाला, आणि आपण किती मोठ्याने बोलतोय हे ऐकून जरा ओशाळला.

"पाठव मग. उगाच घोळ नको."

त्याने फाइल तयार केली. संस्थेचं पान उघडलं, ताईचं नाव टाकलं. पाठवण्याआधी तयार फाइल पुन्हा एकदा चित्रात उघडून बघायची, ही त्याची स्टुडिओतली सवय. बोटांनी ती आपणहून केली.

खाली नारिंगी ढग होते, मध्ये काळोख, आणि वर पिवळी रेघ.

त्याला वाटलं, चुकून जुनीच फाइल उघडली. त्याने नाव वाचलं, हीच होती. मग त्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि फिल्टरची खिडकी पुन्हा उघडली. खड्डा पाडलेला होता. पण कोपऱ्यातलं चालू करायचं बटण काळंच होतं. फिल्टर लावला होता, चालू केलाच नव्हता. ताईने जे ऐकलं त्यात शिट्टी पहिल्याइतकीच होती.

त्याच्या मनात नुसती पाल चुकचुकली नाही. त्याला सरळच कळलं. ती शिट्टी ऐकत होती आणि त्याच्या तोंडाकडे बघून 'गेली' म्हणत होती. तिसरा नमुना ती तसाच जाऊ देणार होती.

ताई रजया काढायला लागली होती. एक तिने खांद्यावर घेतली होती.

बटण दाबायला एक बोट पुरलं असतं. ते पेटलं असतं, रेघ गेली असती, तिलाही कळलं नसतं. बारक्याने बाण त्या बटणावर नेलासुद्धा. पण एवढा रुंद खड्डा पाडल्यावर तिच्या आवाजातलं आणखी काय काय त्यात पडणार होतं? उताऱ्यात समुद्र होता, सामान होतं, सावली होती. तिचा तो लखलखीत स, ज्याने मागचा बाक शांत व्हायचा, तो राहणार होता की जाणार होता? चित्रात ते दिसत नाही. ते ऐकावंच लागतं.

"ताई," तो म्हणाला.

"काय रे?"

"शिट्टी आहे अजून."

तिने रजई खाली ठेवली नाही. "मला वाटलं की गेली."

"तुला नाही वाटलं." त्याला तिच्याकडे बघवेना. "मला ऐकू येत नाही, ताई. ती नाही, आणि तसे बरेच आवाज नाहीत."

बाहेर भाऊजी खोकले. ताई खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली, रजई मांडीवर घेऊन.

"माहीत आहे," ती म्हणाली. "यांना ताप आला होता तेव्हा थर्मामीटर तू हातात धरून बसला होतास. तो वाजत होता, वाजत होता, आणि तू मला विचारलंस, अजून कसा वाजत नाही म्हणून."

"तेव्हापासून?"

"हं."

"मग आज मला का बोलावलंस? दुसरा कुणीही चालला असता. तुझं काम तरी झालं असतं."

 रजईचा एक सुटलेला दोरा ताईने बोटाला गुंडाळला आणि तोडून टाकला. बारक्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्याने लपवलं नाही.

"पाच वाजून गेले," ती म्हणाली. "काय दाबायचं ते दाब." तिने हेडफोन उचलून कानांवर चढवला.

त्याने बटण दाबलं. ते हिरवं झालं. वाचन सुरू झालं, आणि ताईने आता डोळे मिटले.

"खरं सांग," तो म्हणाला.

"शिट्टी गेली." ती थांबली, आणखी दोन वाक्यं ऐकली. "पण माझा स बोथट झालाय. दात पडल्यासारखी वाचतेय मी."

बारक्याने खड्डा थोडा अरुंद केला.

"आता?"

"अजून कर."

त्याने आणखी केला. ताईने मान हलवली, बोट वर केलं.

"हे जास्त झालं. शिट्टी डोकावतेय. जरासा मागे ये. जरासाच."