बदामाचा साचा मान खाली घालून बोलतोय

मान खाली घालूनच बोलतो, राग मानू नका. मी कोबे शहरातल्या एका मिठाईच्या दुकानातला साचा. पत्र्याचा, तळहाताएवढा, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा. चौदा फेब्रुवारीला आमच्याकडे बायका पुरुषांना चॉकलेट देतात ना, त्या प्रेमाच्या दिवसाची सुरुवात माझ्यापासून झाली, असं आमचं दुकान सांगतं. असं सांगणारी दुकानं आणखीही आहेत. तो मान त्यांनी खुशाल घ्यावा, मला नकोच आहे.

मला घडवून घेतलं मालक कुवाबारा-सान यांनी. ('सान' म्हणजे तुमचं 'राव' किंवा 'बाई'.) लढाई संपून दहा-बारा वर्षं झाली होती. परदेशात असा काही दिवस असतो, हे त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. पण आपल्याकडे कोणी कोणाला काय द्यायचं, हे त्यांना सुचेना. ते सुचलं फुमिए-सानना. त्या आमच्या दुकानात चॉकलेट ओतायच्या. वय सव्वीस, बोलणं बेताचं.

"वर्षातून एक दिवस तरी बाईला आधी बोलू द्या," त्या म्हणाल्या. मालकांनी तेच वाक्य पाटीवर रंगवून घेतलं.

ते वाक्य कुठून आलं, मला ठाऊक होतं. रोज सकाळी दूधवाले नागाओ-सान दूध घेऊन आले, की फुमिए-सानची नजर दाराकडे जायची आणि चॉकलेट माझ्या काठाबाहेर सांडायचं.

पहिल्या वर्षी चॉकलेटचे जेमतेम सात बदाम खपले. बायका यायच्या, काचेतून बघायच्या आणि लाजून पाव घेऊन जायच्या. मालक वैतागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी पाटीच बदलली. 'साहेबांना, सहकाऱ्यांना, शेजाऱ्यांना. रीत म्हणून.' मग काय विचारता! एकालाच द्यायचं म्हणजे लाज, सगळ्यांना द्यायचं म्हणजे कर्तव्य, आणि कर्तव्यात आमची माणसं कसली मागे राहतात! एकेक बाई वीस-वीस बदाम नेऊ लागली. मीही फुशारलो. केवढी आपल्याला मागणी, या तोऱ्यात दिवसभर एकासारखा एक बदाम काढत राहिलो.

त्याच वर्षी फुमिए-साननी धीर केला. एक बदाम त्यांनी वेगळा ओतला, स्वतः कागदात गुंडाळला. नागाओ-सान आले तेव्हा त्यांच्या पिशवीत वाटेवरच्या गिऱ्हाइकांनी दिलेले नऊ बदाम होते. सगळे माझ्यातूनच निघालेले.

दोन्ही हातांनी घेत ते कमरेतून वाकले. मग हळूच म्हणाले, "हाही रीतीचाच का?"

मागे मालक उभे होते. फुमिए-सानचे कान लाल झाले. "हो. रीतीचाच."

दहावा बदाम पिशवीत गेला. पुढच्या आठवड्यात नागाओ-साननी परतभेट म्हणून दहाही जणींना सारखेच हातरुमाल दिले.

वसंतात ते कायमचे ओसाकाला निघाले. निरोप घ्यायला आले तेव्हा फुमिए-सान बाजारात गेल्या होत्या. "मी त्यांना मागणी घालणार होतो," ते मालकांना म्हणाले. "पण मनात असतं तर त्या दिवशी बोलल्या असत्या. दिवस त्यासाठीच होता ना?"

मालकांनी वाकून निरोप दिला. दुसऱ्याच्या मनातलं आपण बोलणं बरं नव्हे, असं त्यांना वाटलं असावं. फुमिए-सान परतल्यावर एवढंच म्हणाले, "नागाओ गेला. तुम्हाला नमस्कार सांगितलाय."

सगळं ऐकून मी टेबलावर पडून होतो. त्या मला धुवायला घेऊन गेल्या आणि बराच वेळ धूत बसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता मी काचेच्या पेटीत असतो. लोक कौतुकाने माझे फोटो काढतात. फुमिए-साननी लग्न केलं नाही. ऐंशी ओलांडली तरी फेब्रुवारीत त्या येतात, गर्दीला बदाम बांधून देतात.

माझं एक ऐका. तुम्हाला कोणी असा बदाम दिला, तर रीतीचा का, असं विचारू नका. विचारलंतच, आणि ती 'हो' म्हणाली, तर लगेच पिशवी उघडू नका. पुन्हा एकदा विचारा.