श्रेयनामावलीत नाही

अलवीने टीव्ही पडवीतल्या बाकावर ठेवला, मागे उशी कोंबून तो सरळ केला आणि वायर खिडकीतून आत ओढली. मदरशातून आणलेल्या खुर्च्या भरत आल्या होत्या. दुपारची नमाज आटोपून गल्लीतली सगळी माणसं आली होती, कारण अलवीच्या 'चौथी सुट्टी' या चित्रपटात सगळ्यांनीच कामं केली होती. किराणावाला कोया त्यात फौजदार झाला होता आणि पुढे वर्षभर दुकानातही फौजदारासारखाच बोलायचा.

"इक्का, मला पुढची खुर्ची हवी," अलवीला थोरला भाऊ मानून इक्का म्हणणारी शेजारची बीपात्तू म्हणाली. "आई मी झालेय. मागे बसून काय कोयाचं टक्कल बघू?"

"बघ की, फुकट आहे," कोया म्हणाला.

सगळे हसले. अलवीही हसला, पण त्याचं लक्ष पडद्यावर फिरणाऱ्या गोल चकतीकडे होतं. त्याला एवढंच बघायचं होतं, की सुहराचं काही उरलंय का.

असे एकोणीस चित्रपट त्याने काढले होते. शाळेला सुट्टी लागली की मास्तरकी बाजूला ठेवायची, शेजाऱ्यांना नट करायचं आणि कुणाच्या तरी अंगणात कॅमेरा लावायचा. त्याच्या सीडी आखातात जाणाऱ्यांच्या सामानात, केळ्याचे वेफर आणि लोणच्याच्या बरण्यांमध्ये बसून दम्माम-दोह्याला पोचायच्या. पुढे सीडी गेल्या, तेव्हा त्याने सगळे चित्रपट इंटरनेटवर स्वतःच्या चॅनलवर टाकले. शुक्रवारी आखातातून फोन यायचे, "मास्तर, आज पुन्हा रडवलंत." मग मोठे स्टुडिओच लोकांच्या फोनमध्ये शिरले. अलवीचं नाव टाकून शोधलं तरी आधी त्यांचेच नट पुढे यायचे. कॅमेरावाला हम्झा लग्नांचं शूटिंग करू लागला आणि शुक्रवारचे फोन बंद झाले. म्हणून कोचीच्या एका बड्या कंपनीने 'चौथी सुट्टी' आपल्या ॲपवर दाखवायला मागितला, तेव्हा गल्लीत पायसम शिजलं होतं.

चित्रपटातल्या आईचा चेहरा बीपात्तूचा होता. तिचा आवाज बसका, म्हणून आवाज अलवीच्या बायकोने, सुहराने दिला होता. सुहराचा भाऊ बापुट्टी हाजी तेव्हा दारात उभा राहून म्हणाला होता, "आमच्या घरची बाई पडद्यावर दिसायची नाही, तिचा आवाजही परक्यांच्या कानावर पडायचा नाही." सुहराने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी झोपायच्या खोलीच्या खिडकीला गादी लावून सगळे संवाद बोलून टाकले. श्रेयनामावलीत तिचं नाव आलं नाही. आवाज कुणाचा ते गल्लीत प्रत्येकाने ओळखलं, आणि सोळा वर्षांत एकानेही ते तोंडातून काढलं नाही. सुहराला जाऊन आता चार वर्षं झाली होती.

कंपनीची मेरीन नावाची मुलगी कागद घेऊन आली, तेव्हा याच पडवीत हाजी बसला होता.

"आईचा आवाज यांचाच ना?" बीपात्तूकडे बोट दाखवून तिने विचारलं होतं.

अलवीने हाजीकडे पाहिलं. "हो, हिचाच," तो म्हणाला.

बीपात्तूनेही मान खाली घालून सही केली. कागद इंग्रजीत होता. त्यात कलाकाराचा आवाज बदलण्याची परवानगी होती, हे मेरीनचा फोन आला तेव्हा कळलं. इथली मलप्पुरमची बोली केरळच्या दक्षिणेकडच्या लोकांना समजत नाही, म्हणून आईचे संवाद दुसऱ्या बाईकडून बोलून घेतले होते. तोवर करारानुसार चॅनलवरून चित्रपट उतरला होता आणि हार्ड डिस्क कोचीला गेली होती. मूळच्या टेपांवर अलवीने तेव्हाच पुढचा चित्रपट उतरवला होता. टेपा महाग, सगळेच तसं करायचे. घरातल्या सीडीला बुरशी लागली होती. डिस्क परत मागितली, तर आता ती कंपनीची आहे असं उत्तर आलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते आपण गिळलं, याची त्याला रोज लाज वाटत होती.

चित्रपट सुरू झाला. कोया फौजदार होऊन आला, शिट्ट्या पडल्या. मग बीपात्तू दारात आली, पोस्टमनला पाहून थांबली आणि बोलली.

आवाज गोड होता. शब्द न् शब्द स्वच्छ, रेडिओवरच्या बातम्यांसारखा. शिट्ट्या थांबल्या. बीपात्तूने पदर तोंडाशी धरला. अलवी एकेका संवादाला वाट बघत राहिला. आईने मुलाला हाक मारली, ती सुहराची नव्हती. आई भांडली, रडली, तेही तिचं नव्हतं. चित्रपट निम्म्यावर आला, तेव्हा त्याने वाट बघणं सोडलं आणि नुसता समोर बघत बसला.

मुलगा परत आखातात जातो, त्या सकाळी आई चुलीपुढे बसते. त्या प्रसंगात संवाद नाही. बीपात्तूने फुंकणी तोंडाला लावली आणि पडवीत फुंकर ऐकू आली. लांब, मग एक तुटकी, मग पुन्हा लांब, आणि शेवटी बारीकसा खोकला.

अलवीने ती फुंकर ओळखली. कोचीच्या बाईला शब्दच बोलायला दिले होते, मधलं सगळं जुनंच राहिलं होतं. त्या गादी लावलेल्या खोलीत सुहरा स्वयंपाकघरातली फुंकणी घेऊन बसली होती. धूर कुठे होता? तरी खोकली. धुराशिवाय चूल पेटते हे तिला पटतच नव्हतं, आणि तो तिला हसला होता.

चूल पेटली, चित्रपट पुढे गेला.

"इक्का," बीपात्तू म्हणाली, "जरा मागे घ्या. माझा पदर सरकला होता का, बघू दे."

पदर कुठेच सरकला नव्हता. अलवीने मागे घेतलं. फुंकर पुन्हा आली, खोकला पुन्हा आला.

"मास्तर, माझं लक्ष नव्हतं," कोया म्हणाला. "परत एकदा."

तिसऱ्यांदा चूल पेटली. अलवीला वाटलं, बस, यापुढे मागे घ्यायला निमित्त उरलं नाही. त्याने चित्रपट पुढे जाऊ दिला.

मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसलेला बापुट्टी हाजी उठला. काठी टेकत खुर्च्यांमधून वाट काढत तो टीव्हीपाशी आला. त्याची दाढी ओली झाली होती. सगळ्या बायकापुरुषांसमोर, नेहमीच्या मोठ्या आवाजात तो म्हणाला,

"अलवी, सुहराला परत लाव."