टर्की ओढ्याचं एक मत

आमचे दाजी आसाहेल व्हिटकॉम आमदार झाले ते एकाच गुणावर. त्यांचं खिशातलं घड्याळ कधी चुकत नसे. बारा वाजले की नांगर थांबणार म्हणजे थांबणार, मग सरीची दोन पावलं उरलेली का असेनात. असा हिरा गावाने अठराशे एक्कावन्न साली राजधानीला पाठवला. मीही मत दिलं. जन्मभर भट्टीपुढे बसून लोहाराचं डोकं तापतं, दुसरं काय!

खरं म्हणजे पाठवलं ते पुलासाठी. माझी थोरली बहीण लोविना ओढ्याच्या दोन्ही काठांची सुईण. बर्फ वितळलं की टर्की ओढा फुगतो, आणि बाळं काही पाणी ओसरायची वाट बघत नाहीत. त्याच्या आदल्या मार्चात ती घोडीसकट वाहून गेली, एका मुळाला धरून कशीबशी वाचली. पलीकडची बाळंतीण मात्र वाचली नाही. तेव्हापासून पन्नाशीच्या या बाईने नवऱ्याकडे दुसरं काही मागितलं नाही.

दाजी राजधानीला निघाले. लांब शेपटीचा कोट, उंच काळी रेशमी टोपी. घरच्या गाईंनीही ओळखलं नसतं. चाळीस दिवस लोविनाने एकटीने गाई, डुकरं आणि बाळंतपणं सांभाळली. हे तिकडे राज्य सांभाळत होते. इथले वकील फार उशिरा उठतात, असं पत्रातून कळवत होते.

चाळिसाव्या दिवशी दुपारी बाराला अधिवेशन संपणार, असा तिथला कायदा. पुलाचा ठराव यादीत अगदी शेवटी. पावणेबाराला द्वारपाल शिडी घेऊन आला आणि त्याने भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक थांबवला. ही तिथली जुनी रीत. घड्याळ थांबलं म्हणजे वेळही थांबली असं मानायचं आणि उरलेली कामं संध्याकाळपर्यंत उरकायची. दाजींना वाटलं, बंद पडलं. त्यांनी लगबगीने अध्यक्षांना आपलं घड्याळ दाखवलं. अध्यक्ष हसले. दाजींना वाटलं, खूश झाले. बाराच्या ठोक्याला टोपी उचलून ते निघाले आणि साडेबाराची टपालगाडी पकडली.

घरी येऊन तीन दिवस ते कोट-टोपी न उतरवता आम्हाला कायद्याचं महत्त्व समजावत होते. पुलाचं विचारलं की म्हणायचे, पुढच्या खेपेला पहिला नंबर आपलाच. चौथ्या दिवशी वर्तमानपत्र आलं. लोविनाने ते जेवणाच्या टेबलाशी वाचून दाखवलं. टर्की ओढ्याचा पूल. बाजूने चौतीस, विरुद्ध चौतीस, ठराव पडला. एक सदस्य गैरहजर. वेळ, पावणेबारा.

मला हसू फुटलं. मग बहिणीचा चेहरा पाहिला आणि स्वतःचीच लाज वाटली.

"कायद्याने सभा बारालाच संपली होती," दाजी मक्याच्या भाकरीकडे बघत पुटपुटले.

लोविनाने हात पुढे केला. "घड्याळ द्या इकडे."

तिने काटे पावणेबारावर आणले, मागचं झाकण उघडून चाकात टाचणी खुपसली आणि घड्याळ चुलीवरच्या खिळ्याला अडकवलं. "पूल होईपर्यंत या घरात पावणेबाराच वाजलेत. आणि जेवण बाराला असतं," असं म्हणून तिने त्यांची थाळी उचलली. माझी राहू दिली, देव तिचं भलं करो.

तेवढ्यात ओढ्यापलीकडच्या कुंपणावर पांढरी चादर फडकली, सुईणीला बोलावायची खूण. कुणाला तरी कळा सुरू झाल्या होत्या. लोविना पिशवी घेऊन घोडीवर बसली. मी उठेपर्यंत दाजी तिच्यामागे धावले होते. त्याच कोटात, त्याच टोपीत ते ओढ्यात उतरले आणि छातीभर पाण्यात लगाम धरून पुढे झाले. मध्यावर टोपी वाहून गेली. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

पलीकडे तिला उतरवून ते कुडकुडत म्हणाले, "न्यायला कधी येऊ?" मला अलीकडे स्पष्ट ऐकू आलं.

"पावणेबाराला," ती म्हणाली आणि आत गेली.

दाजींनी सवयीने खिसा चाचपला. मग तिथेच काठावर बसून राहिले, ती बाहेर येईपर्यंत.